झेनिट-ई कॅमेऱ्याला पट्टा अडकवायला कडीच नाही. काय करू?

ओझरची लेक

नमस्कार. माझे बाबा ओझरला एचएएलमध्ये होते. मिग विमानांच्या कामासाठी तिथे रशियन इंजिनिअर यायचे, त्यांच्यातल्याच एकाकडून बाबांनी हा झेनिट-ई घेतला. आमच्या घरातले जुने फोटो सगळे त्याचेच. माझं बारसं, वणीच्या पायऱ्यांवर दम खात बसलेली आजी, १९९१च्या सिंहस्थातली रामकुंडावरची गर्दी. बाबा गेल्यावर कॅमेरा कपाटातच होता. गेल्या महिन्यात धीर करून रोल टाकला आणि छत्तीसच्या छत्तीस फोटो आले! लाइट मीटरचा काटासुद्धा हलतो, त्याला सेल लागतच नाही.

अडचण पट्ट्याची आहे. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवून पाहिलं, कुठेच कडी नाही. पट्टा आहे तो चामड्याच्या कव्हरला, आणि कव्हर खालून एका मोठ्या स्क्रूने कॅमेऱ्याला बसतं. आता त्या पट्ट्याला हात लावला की तांबूस भुकटी बोटाला लागते. कव्हरची डावीकडची शिवणही बोटभर उसवली आहे. एका दुकानात दाखवला तर म्हणाले, बाजूला भोकं पाडून हुक बसवून देतो. मी कॅमेरा उचलला आणि घरी आले.

मला तो रोज वापरायचा आहे, शोकेसमध्ये ठेवायचा नाही. पण बाबांच्या मानेवर घासून काळा झालेला तो पट्टा टाकवतही नाही. कुणी असं काही केलं आहे का?

कॅम्पातला

ताई, भोक पाडू दिलं नाहीत ते फार बरं केलंत. सोपा उपाय म्हणजे ट्रायपॉडच्या भोकात बसणारा कडीवाला स्क्रू घ्या आणि त्यात पट्टा ओवा. इकडे देवळालीत फौजी सामानाच्या दुकानांत जाड कापडी पट्टे मिळतात, ते तुटता तुटत नाहीत.

जुनं भिंग

ताई, तुमच्याकडे आहे तोच कॅमेरा मी नाशिकरोडला राहून वीसएक वर्षं वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झेनिट-ईला कडी नसते, तुमच्याच कॅमेऱ्याची पडली असं नाही. त्याचा सगळा भार कव्हरनेच पेलायचा, अशीच त्याची रचना आहे. आणि हेलिओस लेन्ससकट हे धूड किलोच्या आसपास जातं. म्हणजे किलोभर वजन आज तुमच्याकडे त्या उसवलेल्या शिवणीवर लटकतंय. कृपा करून तो पट्टा आजपासून गळ्यात घालू नका.

तांबूस भुकटी म्हणजे चामड्याचा जीव गेला. झाडाच्या सालीत कमावलेलं जुनं चामडं कालांतराने असं आतून सुटतं. पुष्कळ जण तेल नाहीतर पॉलिश चोळतात. वरून ते मऊ आणि चकचकीत दिसतं, पण आतले तंतू पुन्हा जुळत नाहीत. मी हे किंमत मोजून शिकलो. माझा दुसरा एक कॅमेरा होता. त्याचा पट्टा तेल लावून असाच छान मऊ केला होता. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ पट्टा बक्कलपाशी तुटला आणि कॅमेरा लेन्सवर आपटला. ती लेन्स पुन्हा कधी नीट फोकस झाली नाही.

कॅम्पातल्या भाऊंचा स्क्रू चालतो, पण दोन गोष्टी सांभाळा. सुरुवातीच्या झेनिट-ईला खालचं भोक ३/८ इंची असतं, नंतरच्यांना १/४ इंची. कव्हरचा स्क्रू काढून त्याची जाडी मोजा. साडेनऊ मिलिमीटर भरली तर मोठं भोक, सव्वासहाच्या आसपास भरली तर हल्लीच्या ट्रायपॉडचं. मोठं असेल तर आत बसणारी आटेवाली रिंग मिळते. स्क्रू हातानेच फिरवायचा. अडला की थांबायचं, बळ लावायचं नाही. दुसरं म्हणजे एका स्क्रूवर लटकवलेला कॅमेरा चालताना गोल फिरतो आणि स्क्रू हळूहळू ढिला होतो. दर थोड्या वेळाने चाचपावं लागतं.

मी स्वतः वेगळं केलं. एक इंच रुंद, पाच फूट लांब नवी वादी घेतली आणि ती कव्हरच्या खालून फिरवली. एका बाजूने खाली, तळावरून आडवी, दुसऱ्या बाजूने वर. झोळीत मूल बसावं तसा कॅमेरा तिच्यात बसतो. वादी सरकू नये म्हणून कव्हरच्या दोन्ही बाजूंना वादी ओवायला चामड्याचा एकेक लूप शिवून घेतला. लूपवर भार येत नाही, ते फक्त वाट दाखवतात. कव्हरचा स्क्रू बाहेर राहावा म्हणून तळाशी वादीला गोल भोक पाडून घ्या आणि त्या जागी दुहेरी चामडं लावा. रोल बदलताना स्क्रू काढून कव्हर खाली घ्यावंच लागतं, ते यानेही सुटत नाही. बक्कल खांद्याच्या जवळ ठेवा. खाली असेल तर कॅमेऱ्यावर ओरखडे काढतं.

शिवण दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची सांगा. एक टाका तुटला तरी पुढचे धरून राहतात. मशीनची शिवण अशा जागी नको.

पितळी बक्कल

एक राहिलं. जुन्या कव्हरच्या रिव्हेटांभोवती हिरवा मेणचट थर असेल तर तो दात कोरायच्या काडीने खरवडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. चामड्यातलं तेल आणि पितळ मिळून तो होतो. पाणी लावू नका.

ओझरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रू मोजला, सव्वासहा भरला. पण मला झोळीचीच कल्पना पटली.

भद्रकालीत एक काका चपला शिवतात. त्यांच्याकडे कव्हर घेऊन गेले. त्यांनी आधी जुना पट्टा उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हा आता फक्त जपायचा." उसवलेली शिवण त्यांनी जुन्याच भोकांतून आरीने पुन्हा घातली, नवीन भोक एकही पाडलं नाही. वादी तळाशी दुहेरी केली. घरी आल्यावर कव्हरात कॅमेऱ्याऐवजी दगड भरले, वजनकाट्यावर दोन किलो करून घेतले, आणि रात्रभर दाराच्या कडीला टांगून ठेवलं. सकाळी एकही टाका ताणलेला नव्हता.

जुन्या पट्ट्याचा मानेवरचा वीतभर काळा तुकडा काकांनी कापून दिला. तो नव्या वादीला आतून, मानेच्या जागी, चार टाक्यांत शिवला आहे. त्याच्यावर भार काही नाही. उद्या पहाटे गोदाघाटावर जाते.

जुनं भिंग

भुकटी कॉलरला लागेल, त्या तुकड्यावर पातळ सुती कापड शिवून घ्या. आणि घाटावरचे फोटो इथे टाका, वाट पाहतो.