क्रशरला उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं? शेजारच्या विहिरीचाही प्रश्न आहे

खडीवाला_वाघोली
नमस्कार मंडळी. वाघोलीच्या पुढे आमची खाण आणि क्रशर आहे. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, धुवायला आणि धुळीवर फवारायला पाणी लागतं. पावसाळ्यानंतर खाणीतल्या डोहावर भागतं, पण होळी झाली की डोह तळाला जातो आणि रोज चार टँकर घ्यावे लागतात. त्यात यंदा बांधालगतच्या काकांची विहीर आटली. तुमच्या उपशामुळेच आटली, असं ते म्हणतात, आणि मला ते पटतं. आमच्या डोहाचा तळ त्यांच्या विहिरीच्या तळाखाली आहे. त्यांना पाणी द्यायचंच आहे. बजेट 6 लाख. टँकर कमी व्हावेत आणि काकांची भाजी जगावी, एवढंच. अनुभव असेल त्यांनी सांगा.

रांजणगावकर
दादा, सरळ बोअर मारा. आमच्याकडे पाणाड्याने नारळ हातात घेऊन जागा दाखवली, 420 फुटांवर अडीच इंच पाणी लागलं. आजही चालू आहे.

काळा_पाषाण
आमच्याकडेही पाणाड्या नारळच घेऊन आला होता. 600 फूट नुसती भुकटी निघाली, पैसे गेले ते गेले. आपल्याकडे पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं, खाली अखंड पाषाण. एकाला लागलं म्हणून शंभर फुटांवर दुसऱ्याला लागेलच असं नाही. शिवाय बोअरला लागलंच, तर ते काकांच्याच भेगेतलं असणार. मग भांडण मिटलं कुठे?

रांजणगावकर
आमच्या बोअरने कोणाचीही विहीर आटली नाही.

प्लांट_मॅनेजर_सातारा
फिल्टर प्रेस बसवा. आम्ही कर्ज काढून थिकनर (गाळ खाली बसवायची टाकी) आणि प्रेस (गाळ दाबून पाणी काढायचं यंत्र) दोन्ही बसवले. धुतलेलं पाणी पॉली, म्हणजे गाळ बसवायचं रसायन, टाकून निवळतं, गाळाची कोरडी वडी पडते, बहुतेक पाणी परत प्लांटला. आता टँकर गेटवर दिसत नाही. स्वस्तातलं घेऊ नका, पश्चात्ताप होईल.

काळा_पाषाण
साहेब, 6 लाखांत प्रेसचा पायासुद्धा होणार नाही.

डेन्व्हरकर
मी कोलोरॅडोत खाणींच्या पाण्याचंच काम करतो. इथे साउथ प्लॅट नदीकाठी वाळू-खडी काढताना भूजल उघडं पडलं, की उन्हाने जेवढं उडतं तेवढं पाणी खाणवाल्याला दुसरीकडून आणून नदीला भरून द्यावं लागतं. 1981 च्या आधी उघड्या पडलेल्या खाणींना त्यात सूट आहे. बरेच जण खाणीभोवती खडकापर्यंत मातीची भिंत उतरवतात, म्हणजे बाहेरचं भूजल आत येत नाही. तुमचा हिशोब करून बघा. एक एकर डोह आणि उन्हाळ्यात दिवसाला 8 मिमी बाष्पीभवन धरलं, तर रोज साधारण 32 हजार लिटर हवेत जातं. म्हणजे तीन टँकर.

मुळशीचा_पाव्हणा
अमेरिकेचे कायदे इथे काय कामाचे? इथे आधी टँकर लॉबीचं बोला. तेच पाणी, तोच टँकर, मार्चमध्ये एक भाव आणि मेमध्ये दुसरा.

रांजणगावकर
टँकरचं खरं आहे. म्हणूनच म्हणतो, बोअर.

भूजल_निवृत्त
डेन्व्हरकरांचा हिशोब इथेही लागू आहे, तो सोडू नका. आता कागदाचं. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली असेल तर उपशाला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी लागते. 24 सप्टेंबर 2020 च्या अधिसूचनेत ते स्पष्ट आहे. उपसलेलं पाणी सिंचनाला, धूळ बसवायला किंवा पुनर्भरणाला वापरा, असंही त्यात आहे. म्हणजे काकांना पाणी देणं उपकारात मोडत नाही, ते त्याच चौकटीत बसतं. दुसरं, मोजणी सुरू करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्ही त्याच महिन्यांत डोह आणि काकांची विहीर दोन्ही मोजा, काकांना सोबत घेऊन. दोरीला वजन बांधलं तरी पुरे. पंप बंद असताना, सकाळी. वहीवर दोघांच्या सह्या. पुढे वाद तहसीलदारापर्यंत गेला तर ही वहीच बोलेल.

शेततळं_प्रेमी
500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद टाकून शेततळं करा. आमच्या द्राक्षबागेला दोन उन्हाळे तारले. कुंपण मात्र घाला, जनावर घसरलं की वर येत नाही.

मुळशीचा_पाव्हणा
शेततळ्यातलंही उडतंच की.

हडपसर_आरएमसी
पालिकेच्या मैलापाणी केंद्रातलं शुद्ध केलेलं पाणी फवाऱ्याला घ्या. बांधकामांवर ते टँकरने येतंच. रस्ता, जॉ (दगड फोडायचा जबडा), हॉपर (दगड ओतायचं तोंड), स्टॉकपाइल (खडीचे ढीग) सगळीकडे चालतं. वाळू धुवायची असेल तर मात्र आधी क्लोराईड तपासा, ती वाळू पुढे सळईच्या काँक्रीटमध्ये जाते आणि क्लोराईडने सळई गंजते. भाजीला तर नकोच.

प्लांट_मॅनेजर_सातारा
मी पुन्हा सांगतो, प्रेस.

खडीवाला_वाघोली
सगळ्यांचे आभार. घरात आणि काकांशी बोलून ठरवलं. बोअर नाही, प्रेस नाही, शेततळंही नाही. वॉशिंग प्लांट एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत बंद ठेवणार. त्या काळात न धुतलेली काँक्रीटची वाळू आणि खडीच विकू, प्लास्टर सँडची गिऱ्हाइकं जातील ती जातील. 6 लाखांतून ओळीने तीन निवळण टाक्या बांधतोय, म्हणजे इतर महिन्यांत धुतलेलं पाणी फिरवता येईल. उरलेल्या पैशात डोहापासून काकांच्या विहिरीपर्यंत पाइप आणि साडेसात एचपीची मोटर. मोटरची किल्ली काकांकडे. फवाऱ्याला हडपसरवाल्यांनी सांगितलेलं पाणी. एनओसीचं काम सल्लागाराकडे दिलंय.

रांजणगावकर
धंद्याचा सीझन बंद ठेवणार? दादा, पुन्हा विचार करा.

भूजल_निवृत्त
पाइपवर मीटर बसवा. किती पाणी दिलं, तेही त्याच वहीत लिहा.

खडीवाला_वाघोली
मीटर घेतो. तीन इंची पाइपला कुठलं टिकतं? पाण्यात दगडाची पूड असते.