खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत वाळूवर तपकिरी थर, डायटम की डायनो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोड्या पाण्यातले मासे बरीच वर्षं पाळले, पण खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच लावली आहे. ठाण्यात घरीच, साधारण १२० लिटरची. खाली अ‍ॅरागोनाइट वाळू आणि कोरडे दगड. महिनाभर मासे न सोडता टाकी सायकल केली (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू दिले), मग क्लाउनफिशची जोडी आणली. आज सहा आठवडे झाले. क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २७, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०५.

बारा दिवसांपूर्वी वाळूवर कोको पावडर भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. आता काचेवर आणि दगडांवरही आहे. सकाळी दिवा लावताना वाळू बरीच स्वच्छ वाटते, संध्याकाळपर्यंत पुन्हा तपकिरी. हाताने ढवळलं की उडून जातं, पण दुसऱ्या दिवशी आहे तसंच. डायटम (एक सूक्ष्म तपकिरी शेवाळ) नव्या टाकीत येतातच हे वाचलं होतं, म्हणून गप्प बसले. पण कालपासून एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे आणि तंतू दिसताहेत, आणि डायनोंची (डायनोफ्लॅजेलेट, दुसरे चिवट सूक्ष्मजीव) वर्णनं वाचून झोप उडाली आहे.

पाणी घरच्या आरओचं वापरते. रोज लिटरभर उडतं, तेवढं त्यातलंच भरते. दुकानदार म्हणाले शेवाळाचं औषध टाका, आठवड्यात साफ होईल. बाटलीवर तांब्याचं नाव वाचून थांबले. टाकू का? की सगळी वाळू काढून धुऊ?

प्रतिसाद

ताई, औषध अजिबात टाकू नका. तांबं गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ मारतं. शिवाय ते दगडांत आणि वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सुटत राहतं. वाळूही धुऊ नका, आत्ता कुठे तिच्यात जिवाणू बसताहेत.

आधी ओळख पटवा. तो थर टाकीच्याच पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा चिकट तंतू जमले तर डायनो समजा. पाणी निवळच राहिलं तर बहुधा डायटम. ओळखीत कुणाकडे सूक्ष्मदर्शक असेल तर प्रश्नच मिटला: डायटम काचेच्या होडीसारखे दिसतात. बुडबुडे दोन्हींत येतात, त्यावरून ठरवू नका. तुमचं नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर गेलेलं नाही हे चांगलं आहे. डायनो बहुतेकदा ते दोन्ही संपले की माजतात, त्यामुळे फॉस्फेट शोषणारं काही घालू नका.

माझा संशय पाण्यावर आहे. घरच्या आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायची सोय असते. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) किती येतो?

धागाकर्ती

मनापासून आभार. टीडीएस ६२! मी आरओ म्हणजे शुद्ध पाणी असंच धरून चालले होते.

प्रतिसाद

मग त्यातून सिलिकाही येत असणार. डायटमचं कवचच सिलिकाचं असतं आणि तुम्ही त्यांना ते पाणी रोज लिटरभर वाढताय. मिसळायचा स्क्रू बंद करून घ्या आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांची) नळी जोडा, टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत. पाणी उडतं, पण त्यात विरघळलेलं काहीच उडत नाही, म्हणून टॉप-अपचं (रोज भर घालायचं) पाणी जास्त जपायचं. दिवा ८ तासांवर आणा.

धागाकर्ती

चाचणी केली. दीड तास झाला, पाणी निवळ आहे. मैत्रीण कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं: होड्याच होड्या! किती हलकं वाटलं सांगू. रेझिन मागवलं आहे, तोवर डिस्टिल्ड पाणी भरते.

एकच विचारायचं राहिलं. ट्रोकस गोगलगायी आत्ता आणल्या तर १२० लिटरला किती पुरेत? थर संपल्यावर त्या उपाशी मरतील याची काळजी वाटते.

प्रतिसाद

तीनच आणा. काचेवरचं त्या खातील. वाळूसाठी एक-दोन सेरिथ गोगलगायी. थर संपला की नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाला अडकवा, त्या तो खातात.