मदत हवी आहे: नाइहान्ची व्हिडिओवरून शिकताना काय पाहायचं?

मंडळी, नमस्कार.

शाळेत असताना साताऱ्यात शोतोकान कराटे शिकले, तपकिरी बेल्टपर्यंत. पुढे नोकरी-संसारात ते मागे पडलं, आता चाळिशीनंतर पुन्हा सुरू केलंय. पण ओढ लागलीय ती जपानमधल्या ओकिनावाच्या शोरिन-ऱ्यू या कराटे शैलीची, त्यातही नाइहान्ची या कात्याची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या संचाची.

आम्हाला हाच काता तेक्की शोदान म्हणून शिकवला होता. कराटेगुरू फुनाकोशी गिचिन १९२२ साली ओकिनावाहून तोक्योला गेले, तिथे पुढे शोतोकान घडलं आणि बैठक रुंद, खोल होत गेली. ओकिनावातले व्हिडिओ पाहिले तर उभं राहणं उंच, पाय जवळ, हात अंगालगत. सत्तरी-ऐंशीच्या वयाचे सेन्सेई (गुरू) जागचे हलल्यासारखे वाटतही नाहीत, तरी ठोसा थांबतो त्या क्षणी सगळं अंग एकदम आवळलेलं दिसतं. ओकिनावाचे जुने गुरू इतोसु आन्को यांनी शाळेतल्या मुलांसाठी पिनान काते बसवले, त्याआधी शुरीकडे (ओकिनावाची जुनी राजधानी) सुरुवात याच कात्याने व्हायची. तिथलेच गुरू मोतोबु चोकी तर आयुष्यभर यालाच धरून राहिले. हे नीट शिकावं असं मनापासून वाटतं.

मी संगमनेरजवळ राहते. इथले क्लास स्पर्धेच्या तयारीचे आहेत, ओकिनावाचं काही शिकवणारं कुणी सापडलं नाही. त्यामुळे सध्या व्हिडिओच.

पण एका व्हिडिओत पायांचे अंगठे आत वळलेले, दुसऱ्यात पावलं सरळ समांतर. एकात कंबर स्पष्ट फिरते, दुसऱ्यात अजिबात नाही, आणि दोन्ही शोरिन-ऱ्यूच. कोणतं धरायचं? शिवाय सगळे ज्या 'गामाकु'बद्दल बोलतात, तो कंबरेच्या बाजूंचा ताबा, तो पडद्यावर दिसतो तरी का? अंगठे आत वळवले की माझे गुडघे ठणकतात, तेही आहेच. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, आधी घराणं ठरवा. चिबाना चोशिन यांचं कोबायाशी आणि नागामिने शोशिन यांचं मात्सुबायाशी, दोन्ही शोरिन-ऱ्यूच म्हणवतात, पण पावलं आणि कंबर यांत फरक पडतो. मी कोबायाशीत आहे. एका घराण्याचे, शक्यतो एकाच सेन्सेईंचे व्हिडिओ घ्या आणि वर्षभर बाकीचे पाहूच नका.

आता कंबरेचं. ज्येष्ठ सेन्सेईंचं प्रात्यक्षिक पाहून तसंच करायला जाऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतो. आमच्याकडे आधी कंबर मोठी फिरवायला लावतात, इतकी की बघणाऱ्याला अति वाटावं. मग काही वर्षांनी ती लहान होते आणि शेवटी बाहेरून दिसेनाशी होते. ऐंशीच्या सेन्सेईंची कंबर स्थिर दिसते ती या सगळ्या प्रवासानंतर. पहिल्या दिवसापासून स्थिर ठेवलीत तर आत काहीच घडणार नाही, नुसते हात हलतील. म्हणून मोठ्या कार्यक्रमातली प्रात्यक्षिकं बाजूला ठेवा आणि दोजोत (सरावाच्या जागी) नवशिक्यांना शिकवतानाचे व्हिडिओ शोधा. तुम्हाला दोन व्हिडिओंत जो फरक दिसतोय, त्यातला काही घराण्याचा असेल, पण बराचसा करणाऱ्याच्या वयाचा आणि सरावाचा असू शकतो.

दुसरं, दिशा. नाइहान्ची शोदानची, म्हणजे पहिल्या नाइहान्चीची, सुरुवात उजवीकडे होते. सेन्सेई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे आरशासारखी नक्कल केली की आपण डावीकडे निघतो. हा काता दोन्ही बाजूंना तसाच होत असल्याने उलटं चाललंय हे ध्यानातही येत नाही. पाठमोरा व्हिडिओ मिळाला तर उत्तम, नाहीतर चित्र डावं-उजवं उलटवून घ्या.

आणि स्वतःचं चित्रण करा, समोरून. पाय ओलांडून टाकताना डोकं वर जातंय का, एवढंच बघा. डोकं एका पातळीत राहिलं की गामाकुचं पहिलं भान येऊ लागतं.

प्रतिसाद २

गुडघ्यांसाठी: ठणका लागेपर्यंत अंगठे वळवू नका, सध्या पावलं समांतर ठेवा. गुडघा पावलाच्या दिशेतच वाकला पाहिजे. रबरी मॅटवर अनवाणी पाय चिकटतो आणि पीळ गुडघ्यावर येतो, तेव्हा साध्या फरशीवर करून पाहा. तरी दुखलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

कधी ओकिनावाला जाणं जमलं तर तोमिगुसुकु इथे २०१७ साली उघडलेलं कराटे काइकान हे कराटेचं केंद्र आहे. तिथल्या माहिती केंद्रात परदेशी विद्यार्थ्यांना दोजो शोधायला मदत करतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कोबायाशीच धरते. एकच विचारायचं राहिलं: सोबत तेक्कीचा सराव चालू ठेवला तर बिघडेल का?

प्रतिसाद १

सध्या थांबवा. क्रम जवळजवळ तोच असल्याने अंग आपोआप जुन्या खोल बैठकीत जातं. शोतोकानचे बाकीचे काते खुशाल करा. महिन्याभराने चित्रण इथे टाका, मी आणि आमचे सेन्सेई मिळून पाहतो.