कथा लिहायला बसताना आधी काय ठरवायचं: कथानक की निवेदक?

ओसरी (धागाकर्ता)
कथेच्या घटकांची कुठलीही यादी काढा, क्रम ठरलेला: कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, आणि निवेदन कुठेतरी शेपटाला. नवोदितांच्या कथा फसतात त्या नेमक्या इथेच, असं माझं मत आहे. नमुना बघा:

'सुमनने दार उघडलं. दारात भाऊजी. पैसे आणले नाहीत हे कसं सांगावं, या विचाराने त्यांना घाम फुटला होता.'

पहिल्या दोन वाक्यांत आपण सुमनच्या नजरेने बघतोय. तिसऱ्यात अचानक भाऊजींच्या डोक्यात शिरलो. पैसे नाहीत हे वाचकाला कळलं, ताण तिथेच संपला. आता असं:

'सुमनने दार उघडलं. दारात भाऊजी. त्यांनी रिकामी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वहिनी, दादा आलाय का?"'

गोष्ट कोणाच्या नजरेतून, हे आधी ठरवा. बाकीचं मग.

मधलीसुट्टी
असहमत. तुम्ही वाक्य दुरुस्त केलंत, कथा नाही. पैसे कोणी, कोणासाठी आणायचे होते? मिळाले नाहीत तर काय अडणार? हे माहीत नसेल तर ती पिशवी नुसती पिशवीच राहते.
लिहिण्याआधी एकच वाक्य लिहून बघा: कोणाला काय हवंय, आडवं काय येतंय, शेवटी काय बदलतं. तिन्ही जागा भरल्या नाहीत तर हाती राहतं ते शब्दचित्र. कादंबरीकार ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' या लेखनावरच्या पुस्तकात तंत्राचा, म्हणजे ठरीव रचनेचा, आग्रह धरला, त्याची टिंगल आज कोणीही करतं. पण रचनेकडे बघायची सवय त्यातूनच अनेकांना लागली.

चौथी_ओळ
त्या तंत्राला नवकथेने, म्हणजे घटनेपेक्षा माणसाच्या मनाकडे वळलेल्या मराठी कथेने, उत्तर देऊन जमाना झाला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या चौघा कथाकारांच्या वाटा वेगळ्या, पण गुंतागुंत-उत्कर्ष-उकल हा साचा त्यांनी सैल केलाच.
शिवाय चढण-शिखर-उतार दाखवणारा तो त्रिकोण फळ्यावर काढतात ना, तो मुळात कथेचा नाहीच. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटागने १८६३ मध्ये पाच अंकी नाटकासाठी मांडला. तो दोन हजार शब्दांच्या कथेवर बसवला की पहिले सहाशे शब्द कोण कोणाचं कोण हे सांगण्यातच जातात. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोने १८४२ मध्ये कथेबद्दल लिहिलं ते जास्त कामाचं: एका बैठकीत वाचून व्हावी, आणि सगळं एकाच परिणामाकडे जावं.

मधलीसुट्टी
नवकथेत घटना आत गेली, नाहीशी नाही झाली. पहिला आणि शेवटचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. पात्राच्या स्थितीत, समजुतीत किंवा निदान वाचकाच्या समजुतीत फरक दिसला पाहिजे. तोच नसेल तर संपादक 'कथेत काही घडत नाही' म्हणून परत पाठवतो, आणि लेखकाला वाटतं याला नवकथा कळत नाही.

ओसरी
तो फरक कुठे पडणार हेच तर निवेदकावर ठरतं. हाच प्रसंग भाऊजींकडून सांगा: पैसे नाहीत हे पहिल्याच ओळीत कळतं, ताण उरतो तो सांगू की नको याचा. सुमनकडून सांगा: ताण ओळखण्याचा. दहा वर्षांच्या मुलीकडून सांगितलं तर तिला एवढंच दिसतं की काकाने आज खाऊ आणला नाही. प्रसंग एक, शिखर तीन वेगवेगळ्या जागी. मग कथानक आधी कसं ठरणार?

शाईचा_डाग
भांडा दोघे, पण कोणीतरी वातावरणाबद्दलही बोला. 'आभाळ भरून आलं होतं'ने सुरू होणारी कथा बघितली की पान उलटावंसं वाटतं. पाऊस हवाच असेल तर त्याने काहीतरी अडवावं. भाऊजींची शेवटची एसटी चुकू दे, म्हणजे त्यांना रात्रभर त्याच घरात राहावं लागेल.

मधलीसुट्टी
@शाईचा_डाग, एसटी चुकणं हे कथानकच झालं, धन्यवाद!
@ओसरी, मुलीचा निवेदक ऐकायला छान, निभावायला अवघड. तिने 'मी' म्हणून सांगायचं तर 'अगतिक', 'ओशाळलेला' हे शब्द गेले. पैशांचा व्यवहार तिला समजत नाही, म्हणून तो मोठ्यांच्या संवादातून तिच्या कानावर पडायला हवा. आणि त्या वेळी ती त्या खोलीत का होती, याला दर वेळी कारण हवं. दार उघडायला तिलाच पाठवा, सुमनला नको.