माजी सैनिक असल्याचा दावा खरा की खोटा, कसा तपासायचा?
(चर्चामंचावरचा प्रश्न आणि उत्तरं. प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चौथा मजला
गृहनिर्माण संस्थेत सुरक्षा सुपरवायझर नेमायचा आहे. एका अर्जदाराने लिहिलं आहे: भारतीय सेना, आर्मर्ड कोर (रणगाडा दल), १७ वर्षं सेवा, हवालदार म्हणून निवृत्त, एनएसजी (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक) कमांडो, कारगिल. सोबत डिस्चार्ज बुकाच्या (सेवेतून मुक्त होताना मिळणाऱ्या पुस्तिकेच्या) दोन पानांची झेरॉक्स, वर्दीतला एक फोटो आणि पदकांचा एक फोटो. आधारवर जन्मसाल १९८३. मूळ बुक मागितलं तर म्हणतो, 'एनएसजीचं रेकॉर्ड गुप्त असतं, दाखवता येत नाही.' खऱ्या सैनिकाचा अपमान व्हायला नको, पण डोळे झाकून नेमायचंही नाही. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये हे उघड होतं का? माहिती अधिकारात विचारता येईल का?

नोंदवही
पोलीस पडताळणीत पत्ता आणि गुन्ह्यांची नोंद बघतात. सैन्यातल्या सेवेशी तिचा संबंध नाही.

मूळ डिस्चार्ज बुक दाखवायला कुठलीही बंदी नसते. ते त्याला मिळतंच मुळी दाखवण्यासाठी. नोकरी, बँक, आरक्षण, सगळीकडे तेच लागतं. तुम्हाला दोनच पानं दिली आहेत, तर कोणती दिली नाहीत ते आधी बघा. सेवेतून मुक्त होण्याचं कारण आणि चारित्र्याचा शेरा असलेली पानं त्यात आहेत का? कारणापुढे आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३(३) चा कलम-क्रमांक असतो. मुदत पूर्ण करून निघालेल्या जवानाला आयटम तीन (एक), स्वतः अर्ज करून निघालेल्याला तीन (चार). तीन (पाच) दिसलं तर थांबून नीट विचारा, कारण 'इतर सर्व कारणं' त्यात येतात आणि शिस्तभंगाच्या लाल शाईच्या नोंदींमुळे घरी पाठवलेलेही त्यातच. चारित्र्य 'एक्झेम्प्लरी', 'व्हेरी गुड', 'गुड' अशा ठरलेल्या शब्दांत लिहिलेलं असतं.

हवालदाराची मुदत १७ वर्षांच्या बरीच पुढे जाते. म्हणजे १७ वर्षांत बाहेर पडलेला हवालदार बहुधा स्वतःच्या अर्जावर किंवा वैद्यकीय कारणाने निघालेला असणार. त्यात गैर काहीच नाही, पण बुकातलं कारण त्याच्याशी जुळायला हवं. शिवाय जवानाला १५ वर्षांनंतर पेन्शन लागू होते, म्हणून त्याच्याकडे पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, असायला हवा. भूदलाचे पीपीओ प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन्स कार्यालयातून निघतात आणि आता सगळा कारभार 'स्पर्श' पोर्टलवर आहे. त्याने स्वतः लॉगिन करून स्क्रीनवर पीपीओ दाखवावा. पासवर्ड तुम्ही मागू नका, बँक खात्याची पानंही ठेवून घेऊ नका.

फीत आणि तारा
कागद येईपर्यंत फोटोंवरून बरंच कळतं. फक्त त्यावरून निकाल द्यायचा नसतो, प्रश्न काढायचे असतात.

आधी हुद्दा. आर्मर्ड कोरमध्ये हवालदार नसतो, दफेदार असतो. शिपायाला तिथे सवार म्हणतात आणि सुभेदाराच्या जागी रिसालदार. पण नागरी अर्जात लोकांना समजावं म्हणून कितीतरी दफेदार 'हवालदार' लिहितात, तेव्हा एवढ्यावरून खोटा ठरवू नका. बुकात काय छापलंय ते बघा. तिथेही हवालदार असेल तर मात्र पाणी मुरतंय. (हाच गोंधळ दारावरच्या 'कॅप्टन' पाट्यांचाही. ऑनररी कॅप्टन हा जेसीओला, म्हणजे जवानांतून वर आलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याला, मिळालेला मानद हुद्दा असतो. त्याच्या क्रमांकाआधी 'जेसी' असतं, अधिकाऱ्यांचं 'आयसी' किंवा 'एसएस' नसतं.)

मग तारखा. सैन्यात किमान वय साडेसतरा. १९८३ चा जन्म धरला तर भरती २००० च्या आधी शक्य नाही, आणि कारगिलची लढाई मे ते जुलै १९९९ ची. आता त्याचे नेमके शब्द बघा. 'कारगिलला होतो' आणि 'कारगिल युद्धात होतो' यांत फरक आहे. कारगिल हे ठिकाण आहे, तिथे पुढेही हजारो जवानांच्या पोस्टिंग झाल्या. पदकांच्या फोटोत ऑपरेशन विजय स्टार किंवा ऑपरेशन विजय मेडल असेल तर ते त्याचं नाही. १५ ऑगस्ट १९९७ ला सेवेत असलेल्यांना मिळालेलं स्वातंत्र्याच्या ५० व्या वर्षाचं पदकही त्याच्या छातीवर शोभणार नाही. ९ वर्षांचं दीर्घ सेवा पदक असणं स्वाभाविक, २० वर्षांचं नाही. आधारवरची तारीख १ जून असेल तर मात्र तिच्यावर फार भिस्त ठेवू नका, गुरुजींनी शाळेत घातलेली असते. बुकातली जन्मतारीख धरा.

फोटोतली वर्दीही बघा. बारीक चौकोनी ठिपक्यांची, डिजिटल नक्षीची लढाऊ वर्दी १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्याआधी निवृत्त झालेल्या माणसाचा 'सेवेतला' फोटो त्या वर्दीत असेल तर तो सेवेतला नाही. बलिदान बिल्ला फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा, म्हणजे छत्रीधारी कमांडोंचा. मरून बेरे साध्या पॅरा बटालियनमध्येही असते, म्हणून नुसती ती टोपी बघून कोणी कमांडो होत नाही.

शौर्यपदक सांगत असेल तर काम सोपं. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंतची नावं भारताच्या राजपत्रात छापली जातात. नाव, क्रमांक आणि वर्ष विचारा. 'वर्ष आठवत नाही' हे उत्तर शौर्यपदकाच्या बाबतीत पटणारं नाही.

कलम आठ
गुप्ततेचं कारण टिकत नाही. एनएसजी १९८४ साली उभी राहिली, ती गृह मंत्रालयाखाली आहे. तिथे सैन्यातले जवान प्रतिनियुक्तीवर जातात आणि मुदत संपली की आपल्या पलटणीत परत येतात. त्यांचं सेवा-अभिलेख पूर्ण वेळ मूळ कोरच्या रेकॉर्ड ऑफिसातच असतं. कुठल्या मोहिमेत काय केलं हे गुप्त असू शकतं. भरती कधी, मुक्तता कधी, हुद्दा कोणता, यात गुप्त काही नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण इथे तो मार्ग आडवळणाचा आहे. एनएसजी माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या, म्हणजे सूट दिलेल्या संघटनांच्या, अनुसूचीत असल्याने तिथून उत्तराची अपेक्षाच नको. सेना त्या अनुसूचीत नाही, पण त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(ञ) दाखवून नकार येतो. अर्जदाराची लेखी संमती असेल तर सरळ रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिणं बरं.

रेकॉर्ड ऑफिस कोरप्रमाणे ठरतं. आर्मर्ड कोरचं अहिल्यानगरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, गार्ड्सचं कामठीला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला.

चौथा मजला
धन्यवाद. फोनवर पुन्हा विचारलं. सेवा क्रमांक दिला, आकडे आहेत पण शेवटी अक्षर नाही. आणि आता म्हणतो की पेन्शन मिळत नाही.

नोंदवही
शेवटचं अक्षर आधीच्या आकड्यांवरून हिशेबाने काढलेलं असतं, मनाने लावलेलं चालत नाही. बोलताना ते गाळणारे पुष्कळ आहेत, म्हणून बुकावरून पूर्ण क्रमांक लिहून घ्या. क्रमांकांचे गट कोरप्रमाणे वाटलेले असतात, त्यामुळे दुसऱ्याचा क्रमांक उचलला असेल तर रेकॉर्ड ऑफिसात लगेच लक्षात येतं.

पेन्शनचं मात्र खटकतं. शॉर्ट सर्व्हिस अधिकारी, अग्निवीर, थोडी वर्षं करून निघालेले जवान, यांना पेन्शन नसते आणि त्यांचा दावा तरीही खरा असतो. पण जवानाची १७ वर्षं नियमित सेवा आणि पेन्शन नाही, हे दोन्ही एकत्र बसायला बडतर्फीसारखं काहीतरी घडलेलं असावं लागतं. तिसरी शक्यता अशी की माणूस खोटारडा नाही, पण सेनेतलाही नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीमा सडक संघटनेतल्या ग्रेफचे लोक, सैन्याची बांधकामं बघणाऱ्या एमईएसचे नागरी कर्मचारी, या सगळ्यांना गावात 'मिलिट्रीत आहे' असंच म्हणतात. सीआरपीएफची १७ वर्षं सुपरवायझरच्या कामाला काही कमी नाहीत, पण त्याचे कागद त्या दलाचे हवेत. आर्मर्ड कोरचं बुक त्यात बसत नाही.

पत्र असं पाठवा: संस्थेच्या लेटरहेडवर, सचिवांच्या सहीने, प्रति अभिलेख अधिकारी. क्रमांक अक्षरासह, हुद्दा, नाव, युनिट, भरतीची आणि मुक्ततेची तारीख लिहा. सोबत अर्जदाराचं सही केलेलं संमतीपत्र आणि बुकाच्या सगळ्या पानांची त्याने साक्षांकित केलेली प्रत. विचारायचं एवढंच, की हा तपशील तुमच्या नोंदींशी जुळतो का. 'संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहिलं की पत्र बाजूला पडतं. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपा.

खाजगी संस्थेला उत्तर येईलच असं नाही, आलं तरी वेळ लागतो. म्हणून त्याआधी त्यालाच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा. माजी सैनिकांची नोंदणी आणि ओळखपत्र तिथूनच होतं. ओळखपत्र मूळ दाखवलं आणि कार्यालयाने नोंदणीला दुजोरा दिला की निम्मं काम झालं.

कलम आठ
एक सांभाळा. संशय आहे म्हणून त्याचे कागद संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, बदनामीचा दावा उलट तुमच्यावर यायचा. सैनिक नसताना सैनिक वाटावं म्हणून वर्दी किंवा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटं डिस्चार्ज बुक बनवणं त्याहून गंभीर, ते बनावट दस्तऐवजाच्या कलमांत जातं. पण रेकॉर्ड ऑफिसचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत अर्ज 'कागद अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवायला कोणाचीच हरकत नसावी. नेमणूक पत्रात 'सेवा-पडताळणीच्या अधीन' हे शब्द घातलेत तर खऱ्या सैनिकालाही त्यात काही वावगं वाटणार नाही.