पहिल्या वर्षीच ‘निश’ ठरवायची?

बर्डीकर: "ग्राफिक डिझायनरनं पहिल्या वर्षीच निश, म्हणजे एकाच ठरावीक प्रकारचं काम, पकडावी, पत्रिका-फ्लेक्समध्ये अडकलात तर नागपुरातच राहाल," ही कालची पोस्ट वाचून राग आला. अक्षररचनाकार आर. के. जोशी दोन दशकं जाहिरातीत होते, 1983पासून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं, त्यांचा विंडोजमधला देवनागरी मंगल फॉन्ट त्यानंतरचा. दिशा कामाच्या वहीतून कळते. प्रत्येक कामापुढे तास, दुरुस्तीच्या फेऱ्या, मिळालेले पैसे आणि काम कोणाच्या ओळखीनं आलं ते लिहा. गिऱ्हाईक कशासाठी परत येतं, ते वर्षभरात दिसतं.

कालची पोस्ट माझी: तो काळ वेगळा होता. आज पत्रिका, लोगो, रील, मेन्यूकार्ड सगळं पोर्टफोलिओत कोंबलं तर कोण बोलावणार? आणि दहा मिनिटांत बॅनर काढून डिझाइन येत नाही.

ऑफसेटवाली: छपाईच्या कामाला नावं ठेवू नका. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत लागतो. चार रंगांत टाकला की रजिस्टर, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, जरा हललं तरी अक्षराला सावली येते. 3 मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, नसेल तर कटिंगला पांढरी किनार दिसते. हे प्रेसवर उभं राहूनच समजतं.

धरमपेठकर: प्रेसवाल्यांनीच पोरांना अडकवलं! अजून जुने फॉन्ट, देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेले. दुसऱ्या मशीनवर फाइल उघडली की गिचमिड. मुक्ता फॉन्ट फुकट आहे, युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कोड, काहून वापरत नाही?

ऑफसेटवाली: इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरी नीट जुळवणारी सेटिंग, लावला नाही तर वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात. निस्तरायचं कोणी? जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली कन्व्हर्ट करून पुन्हा वाचायच्या, त्याचे पैसे कोण देतं?

धरमपेठकर: पैसे मागा! ते प्रूफरीडिंगचंच काम आहे. कंपोझर परिच्छेद-शैलीत एकदाच लावायचा, प्रेसला फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच असलेली, पीडीएफ द्यायची.

कालची पोस्ट माझी: भाऊ, प्रश्न करिअरचा होता.

बर्डीकर: करिअरचंच चाललंय. देवनागरीची मांडणी न फोडता करणारा माणूस पाठ्यपुस्तकाला, ॲपला, पॅकेजिंगला, सगळीकडे लागतो. पहिल्या वर्षी ही वाट कोणाला दिसते?

कालची पोस्ट माझी: वहीचं मान्य. पोर्टफोलिओचं नाही. सहा-आठ कामं, एकाच दिशेची, प्रत्येकाखाली अडचण काय होती आणि काय बदललं ते. बाकी वहीतच ठेवा.

ऑफसेटवाली: त्यात एक तरी छापून आलेलं हवं. स्क्रीनवरचा झळझळीत संत्री रंग सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळतो, कळमना बाजारातल्या तपकिरी खोक्यावर आणखी गडद होतो, बारीक रेषा शाईनं भरतात. मुलाखतीत खोकाच टेबलावर ठेवा.