शाळेची मूठ म्हणजे नेमकं काय?

चुलीमागचा: आमच्या आज्जीच्या चुलीमागं एक लहान गाडगं असायचं. दळायला बसायच्या आधी ज्वारीची एक मूठ त्यात टाकायची नि म्हणायची, "ही बोर्डिंगच्या पोरांची." माहेर कराडकडचं. ही काय पद्धत होती?

जुना खडू: तो मुष्टिफंड! रयत शिक्षण संस्थेचा. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला आणली. बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, हे त्या काळात लई मोठं होतं. १९२७ ला गांधीजी आले, तेव्हा बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. पण नावानं पोट भरतंय होय? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांसाठी एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा.

आमचे वडील तिथंच शिकले. सुट्टीला पोती घेऊन हे मुठीमुठीचं धान्य गोळा करत गावोगाव फिरायचे. ज्वारी, बाजरी, नाचणी सगळी एकात एक, त्यामुळं भाकरी कधी पांढरी नाही, कधी काळी नाही, "राखी रंगाची" म्हणायचे. शिवाय खडी फोडायची, शेतात राबायचं, मग वर्ग. कमवा आणि शिका.

चुलीमागचा: म्हणजे आज्जीची ज्वारी तुमच्या वडिलांच्या ताटात गेली असेल की हो!

जुना खडू: गेली असेल. ते म्हणायचे, कराडकडच्या धान्यात खडे फार. आज्जीला सांगू नका.